बत्तीसच का? वऱ्हाडातल्या कमरेच्या हत्याराचा उलटा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. एक कारंज्याचा कापूस-सोयाबीनचा व्यापारी, एक रिसोडकडचा पेट्रोल पंपवाला, आणि एक तरुण, ज्याचा धंदा नेमका काय ते मला अजून कळलेलं नाही. प्रश्न असा: "सर, परवाना काढायचा आहे. रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल? आणि बोअर कोणता चांगला?" मी इतिहासवाला माणूस, बंदुकीचा दुकानदार नाही. पण जुनी कागदपत्रं, गॅझेटियर, कायद्याची पुस्तकं चाळतो हे लोकांना माहीत आहे, म्हणून विचारतात.

माझं उत्तर ऐकून तिघंही हिरमुसले. मी म्हणालो, भाऊ, बोअर तुम्ही निवडतच नाही. तो दीडशे वर्षांपूर्वीपासून तुमच्यासाठी दुसऱ्याच कोणीतरी निवडत आलेला आहे. आणि निवडताना त्याने तुमच्या जिवाचा विचार केलेला नाही, स्वतःच्या भीतीचा केलाय.

हे जरा उलगडून सांगतो.

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी हत्यार घेणारा माणूस दुकानात जाऊन ९ एमएम, .३८, .४५, .३८० अशा काडतुसांची तुलना करतो. कोणती गोळी किती खोल जाते, धक्का किती बसतो, मॅगझिनमध्ये किती मावतात. आपल्याकडे ही चर्चा सुरू होण्याआधीच संपते. २०१६ च्या शस्त्र नियमांना जोडलेल्या यादीत निषिद्ध हत्यारांचं वर्णन वाचा. त्यात गोळीच्या ताकदीबद्दल अवाक्षर नाही. तिथली कसोटी एवढीच की त्या हत्यारात सरकारी फौजेचं काडतूस बसून उडतं का. .३०३ किंवा ७.६२ चं काडतूस घेणारी रायफल निषिद्ध. .३८०, .४५५, लष्करी ९ एमएम किंवा .४५ चं काडतूस घेणारं पिस्तूल-रिव्हॉल्व्हर निषिद्ध. सामान्य नागरिकाला मग कमरेला लावायला व्यवहारात उरतं काय? .२२ आणि .३२. त्यातलं .२२ फारच हलकं, म्हणून सगळे बत्तीसवर येऊन थांबतात.

म्हणजे बत्तीस बोअर चांगला म्हणून आपल्याकडे रुजला नाही. तो फौजेचा नव्हता, म्हणून वाचला.

ही 'फौजेचा नाही ना' कसोटी आली कुठून? त्यासाठी मागे जावं लागेल, आणि सुरुवात आपल्याच भागातून करता येते.

आपल्याकडे पैसेवाल्याने स्वतः हत्यार बाळगायची रीत जुनी नाही. कारंजा ही केवढी श्रीमंत पेठ होती! १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने थेट कारंज्यापर्यंत धडक मारली ती काही देवदर्शनाला नव्हे. पुढे निजामाच्या अमलात सावकार आणि जमीनदार अरब, रोहिले पदरी ठेवत. वसुलीलाही तेच, राखणीलाही तेच. शस्त्र माणसाबरोबर भाड्याने यायचं. शेठजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि बंदूक दाराशी बसलेल्या अरबाच्या मांडीवर.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. कशासाठी? हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा पगार भागवायला. या फौजेची एक छावणी आपल्या शेजारी हिंगोलीला होती. म्हणजे वाशीम, तेव्हाचं बासीम, हा मुलूख एका फौजेच्या खर्चापायी गहाण पडलेला मुलूख आहे. इतिहासात असा विनोद क्वचित सापडतो. बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, त्यात बासीम, मंगरूळ आणि पुसद. १९०५ ला तो मोडून अकोला आणि यवतमाळात वाटला गेला, आणि १ जुलै १९९८ ला आपल्याला जिल्हा परत मिळाला.

वऱ्हाड कागदावर निजामाचा आणि कारभारात इंग्रजांचा, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप लागत नसत. गव्हर्नर जनरलच्या वेगळ्या हुकमाने ते आणावे लागत. शस्त्रांचा कायदाही त्याच वाटेने आला.

हा कायदा १८७८ चा, लॉर्ड लिटनच्या काळातला. त्याच वर्षी लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही केला. एका वर्षात जीभ आणि हात दोन्ही बांधले. हत्यार बाळगायचं तर परवाना लागेल, असा नियम. पण युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसाला सूट. लोकांना खरा राग या भेदाचा होता. परवाना मागणं वेगळं, आणि शेजारच्या गोऱ्याला तो लागत नाही हे बघत बसणं वेगळं. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला. पुढे अहिंसेचे पुजारी गांधीजीसुद्धा इंग्रजांनी अख्खा देश निःशस्त्र केला याला त्यांच्या राज्यातल्या सर्वांत काळ्या कृत्यांत धरत. हे बऱ्याच जणांना पचत नाही, पण त्यांनी लिहिलेलं आहे. गोऱ्या-काळ्याचा उघड भेद पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांत कमी झाला. परवाना पद्धत मात्र होती तशीच राहिली.

आता बोअरकडे येऊ. हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, म्हणून जरा रेंगाळतो. ज्यांना घाई आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

१८९० च्या दशकात इंग्रज फौजेने मोठ्या शिशाच्या गोळीची मार्टिनी-हेन्री सोडून .३०३ घेतली. गोळी बारीक, वेगवान, वर धातूचं कवच. वायव्य सरहद्दीवर, विशेषतः १८९५ च्या चित्रळ मोहिमेत, सैनिकांची तक्रार आली की गोळी आरपार जाते आणि पठाण तसाच पुढे येतो. यावर उपाय शोधला गेला कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात. गोळीचं टोक उघडं ठेवलं, म्हणजे आत गेल्यावर ती फुलते. 'डमडम गोळी' हा शब्द जगभर गेला तो असा. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायला बंदी आली. पाचेक वर्षांनी अमेरिकन फौजेला फिलिपिन्समध्ये मोरो लढवय्यांसमोर अगदी हीच तक्रार सुचली, .३८ ची गोळी पुरत नाही म्हणून. १९०४ मध्ये त्यांनी चाचण्या घेतल्या आणि शेवटी .४५ वर गेले. आज जगभर 'कोणती गोळी माणसाला थांबवते' म्हणून जो वाद चालतो, त्याचं मूळ असं आहे. साम्राज्याच्या कडेला उभ्या असलेल्या, न थांबणाऱ्या माणसाची भीती.

आणि साम्राज्याच्या आत दुसरी भीती. आपलंच काडतूस चोरीला जाऊन आपल्यावरच उडेल, ही. १९०७ च्या सुमारास इंग्रजांनी हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्रीला ती काडतुसं उपयोगी पडतील अशी धास्ती होती. गंमत बघा, या बंदीची झळ लागली वाघ-हत्तीची शिकार करणाऱ्या साहेबलोकांना. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५, .४७६ असे नवनवे बोअर काढले. आज शिकारी रायफलींच्या पुस्तकांत ज्या .४७० चं एवढं कौतुक असतं, ती हिंदुस्थानातल्या एका बंदीची लेक आहे.

.३१५ चीही जात तीच. फौजेची .३०३ लोकांना द्यायची नाही, म्हणून त्याच धाटणीची रायफल, पण वेगळ्या काडतुसाची. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या कारखान्याने ती बनवत ठेवली. आणि आता या कथेतला सगळ्यात कडू भाग: पोलिसांच्या बातम्यांत 'गावठी कट्टा' सापडतो तेव्हा तो बहुतेक वेळा .३१५ किंवा बाराबोअरचा असतो. कारण साधं आहे. बाजारात जे काडतूस फिरतं, त्याच्याच मापाची नळी बनते. फौजेची गोळी चोरांच्या हाती पडू नये म्हणून जो बोअर वेगळा काढला, तोच चोरांचा बोअर झाला.

आता रायफल बाजूला ठेवून कमरेच्या हत्याराकडे वळू.

इंग्रज फौजेचं रिव्हॉल्व्हर १८८७ पासून .४५५ चं वेब्ली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते बदलून .३८ चं आलं. झालं, हे दोन्ही बोअर सामान्यांना बंद. पुढे आपल्या फौजेने आणि पोलिसांनी ९ एमएम घेतलं, तेही बंद. दरवेळी फौज पुढे सरकली की मागचं दार लागत गेलं आणि कधी उघडलंच नाही. आज .४५५ चं रिव्हॉल्व्हर कुठली फौज वापरते? पण यादीतून ते उतरलेलं नाही. सरकारी यादीत एकदा चढलेलं नाव उतरत नाही, हे तुम्हाला रेशनकार्डावरून माहीत आहेच.

या भीतीला अर्थ नव्हता असं मी म्हणणार नाही. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलाने. ती पिस्तुलं सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनकरवी पाठवली होती, एकूण वीस. १९१४ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात रोडा कंपनीच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं क्रांतिकारकांनी दिवसाढवळ्या गायब केली. इतक्या काडतुसांचा साठा हाती लागणं हीच त्या चोरीची खरी कमाई होती. पिस्तूल वर्षानुवर्षं टिकतं, काडतूस एकदाच उडतं. इंग्रजांना हे पक्कं कळलं होतं, म्हणून त्यांचा सगळा कायदा काडतुसाभोवती फिरतो. आपल्या आजच्या परवान्यावरही किती काडतुसं बाळगायची याचा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा त्याच शहाणपणाचा वारस आहे.

आपल्या प्रांतातही याविरुद्ध आवाज उठला, आणि तो आज जवळपास कोणाला आठवत नाही. १९२७ मध्ये नागपुरात मंचरशा आवारी यांनी शस्त्रकायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. उघड्या तलवारी घेऊन मिरवणूक काढायची आणि अटक करून घ्यायची. 'जनरल आवारी' हे नाव त्यांना तेव्हापासूनचं. बंगालमध्ये खटला न चालवता डांबलेल्या लोकांची सुटका ही त्यांची मागणी होती. गांधीजींना हा प्रकार पसंत पडला नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलंही. तलवार हातात घेऊन सत्याग्रह कसला, हा त्यांचा आक्षेप मला पटतो. तरीपण एक पारशी माणूस नागपूरच्या रस्त्यावर नुसती तलवार धरून उभा राहतो आणि एवढं मोठं सरकार हादरतं, या दृश्यातून त्या कायद्याबद्दल जे कळतं ते दहा पुस्तकांतून कळणार नाही.

१९३१ मध्ये कराचीच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. मग स्वातंत्र्य आलं. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो हक्क संविधानात आणायची दुरुस्ती मांडली. कामत कुठून निवडून आलेले? मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, म्हणजे आपल्याच प्रांतातून. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. सरसकट हक्क दिला तर सराईत गुन्हेगारालाही तो मागता येईल, आणि देशावर संकट आलं तर शस्त्र हाती घेण्याच्या कर्तव्याचं महत्त्व जास्त, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती पडली.

त्या चर्चेत 'गुन्हेगार जमाती' हा त्या काळचा शब्दही आला. हा शब्द वाचताना मी थांबतो. १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं आणि तो कायदा १९५२ मध्ये गेला. आपल्या जिल्ह्यात फासेपारध्यांची वस्ती आहे. त्यांचं नावच फाशांवरून पडलं, बंदुकीवरून नाही. हत्यार कोणाला शोभतं आणि कोणाच्या हातात दिसलं की धाड पडते, याचा हिशेब परवान्याच्या रजिस्टरात लिहिलेला नसतो, पण असतो.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचं कलम १३ प्रत्येकाने वाचावं, कारण गावोगाव लोकांच्या मनात इथेच घोळ आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंची नळीची गुळगुळीत बंदूक, म्हणजे आपली बाराबोअर, किंवा खरोखर पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर कायद्याचा कल देण्याकडे आहे. रिव्हॉल्व्हर-पिस्तूल मागितलं तर मात्र 'सबळ कारण' दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. म्हणजे शेतकऱ्याच्या लांब बंदुकीवर कायद्याचा विश्वास जास्त आणि कमरेच्या छोट्या हत्यारावर कमी. लपवता येणारं हत्यार कोणालाही आवडत नाही, ते ज्याच्याजवळ असतं तो सोडून.

आता मजा बघा. कायद्याने जी बंदूक सोपी ठेवली, ती आपल्याकडे कमी होत चालली आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते बरंच झालं. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात काळवीट दिसतात ती त्यामुळेच. पण रोही आणि रानडुक्कर रातोरात हरभरा झोपवतात तेव्हा कास्तकार शेतात फटाके फोडतो, डबे वाजवतो, मचाणावर जागतो. ठासणीच्या बंदुकीचे जुने परवाने आज्याच्या नावावर होते, आजा गेला, नूतनीकरण कोणी केलं नाही, बंदूक ठाण्यात जमा. ज्याला खरी गरज, तो कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या चढायला कंटाळतो. "काय करता राजेहो, एका फेरीची मजुरी बुडते," असं मला मानोऱ्याच्या एका काकांनी सांगितलं. आणि ज्याची गरज शंकास्पद, त्याची फाईल बरोबर फिरते.

बत्तीसचं देशी रिव्हॉल्व्हर बाजारात आलं १९९० च्या दशकात, कानपूरच्या सरकारी कारखान्यातून. त्याआधी ८० च्या दशकाच्या मध्यात परदेशी हत्यारांची व्यापारी आयात बंद झाली होती. त्यामुळे जुनी वेब्ली, वॉल्थर वगैरे हत्यारं सोन्याच्या भावाने विकली जाऊ लागली. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरची वंशावळ सांगू? इंग्रजांच्या .३८ वेब्लीची ती धाटणी. सांगाडा साहेबाच्या फौजेचा, फक्त भोक बत्तीसचं केलं. २०१४ मध्ये 'निर्भीक' आलं, अर्धा किलोचं, बायकांसाठी म्हणून जाहिरात झालेलं, किंमत सुमारे सव्वा लाख. दिल्लीच्या घटनेनंतर त्या नावाने हत्यार विकणं मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. सव्वा लाख रुपये आणि परवान्याची फाईल हाताळायची ताकद असलेली बाई रात्री एकटीने बसची वाट बघत उभी असते का? २०२३ मध्ये 'प्रबल' आलं, तेही बत्तीसच. आणि बत्तीसची काडतुसं? पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची, जो इंग्रजांनी १८६९ मध्ये काढला.

इथवर वाचलंत तर आता त्या तिघांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो, नाहीतर म्हणाल की सरांनी इतिहास सांगून टाळलं.

बत्तीस हा एक बोअर नाही, दोन आहेत. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस काडतूस लांब, कडेला कंगोरा असलेलं, १८९६ चं. पिस्तुलाचं बत्तीस, ज्याला ७.६५ म्हणतात, आखूड, ब्राउनिंगने १८९९ च्या सुमारास केलेलं. दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. ताकदीत पिस्तुलाचं किंचित सरस, पण दोन्ही पोलिसांच्या ९ एमएमच्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे ज्या गोळीबद्दल शंभर वर्षांपूर्वी साहेबाची फौज नाक मुरडायची, त्याहूनही ही कमजोर. कमजोर म्हणजे निरुपद्रवी नव्हे हं. माणूस मरायला ती पुरते, फक्त समोरचा तिथल्या तिथे थांबेल याची खात्री देत नाही. आणि हत्यार विकत घेणाऱ्याला तर तीच खात्री हवी असते.

रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या, यंत्रणा साधी, एखादं काडतूस उडालं नाही तर चाप पुन्हा ओढा, पुढचं येतं. पिस्तूल चपटं, कमरेला कमी दिसतं, पण अडकलं तर मोकळं करायला सराव लागतो. सराव कुठे करणार? वर्षाकाठी मोजकी काडतुसं, त्यातली निम्मी लग्नात उडवायची असली तर प्रश्नच मिटला. तेही आता जपून: २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलेत. त्याच दुरुस्तीने एका माणसाची हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली.

आणि जुनं रिव्हॉल्व्हर घेताना एक गोष्ट विसरू नका. पुरानी हत्यारं जमिनीवर पडली तर आपोआप उडू शकतात. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी शिरली ती त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची. पोलीस दप्तरात अपघात अशीच नोंद आहे. पहाटेची वेळ, घरात कोणी हल्लेखोर नाही, आणि मालक दवाखान्यात.

गोळी झाडल्यावर काय, हेही कोणी विचारत नाही. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ कलमं खासगी बचावाच्या हक्काची आहेत. हक्क खरा आहे. पण धोक्याच्या प्रमाणात बळ वापरलं हे नंतर कोर्टात सिद्ध होईपर्यंत तुमचं हत्यार जप्त, परवाना निलंबित, आणि तुम्ही तारखेला हजर. शेतीच्या बांधाचा वाद असेल तर मग विचारूच नका. समोरचा आपलाच चुलतभाऊ असतो.

माझा खरा मुद्दा मात्र याही पुढचा आहे. परवान्याचं रजिस्टर म्हणजे जिल्ह्याच्या तब्येतीचा कागद. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि मग सगळ्या महाराष्ट्राला कळलं की त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने आहेत. छाननी झाली, शंभराहून जास्त रद्द झाले. प्रश्न असा की ते दिले कोणी, कोणत्या 'सबळ कारणा'वर, आणि खून होईपर्यंत ते कारण कोणी पुन्हा तपासलं का नाही? त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्याच्या आतच गोळीबार झाला, आणि आठवडाभरात दहिसरला माजी नगरसेवकाचा खून झाला, त्यात वापरलेलं हत्यार मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं निघालं. फौजेची गोळी चोरीला जाऊ नये म्हणून दीडशे वर्षं बोअर मोजत बसलेल्या कायद्याला, परवान्याची गोळी कोणाच्या हातून उडेल हे मोजायची सवयच लागली नाही.

आपला वाशीम बीड नाही, आणि होऊ नये असं वाटत असेल तर आत्ताच विचारावं लागेल. जिल्ह्यात परवाने किती, त्यातले पीकसंरक्षणाचे किती, बँकेच्या राखणदारांचे, म्हणजे बहुतेक माजी सैनिकांचे किती, आणि कमरेच्या बत्तीसचे किती? कोणत्या तालुक्यात? गेल्या पाच वर्षांत कोणते वाढले? नावं नकोत, नावं जाहीर करणं धोक्याचंही आहे. नुसते आकडे हवेत. निवडणूक आली की छाननी समिती बसते आणि काही हत्यारं जमा करून घेतात, म्हणजे आकडे कचेरीत आहेतच. मी माहिती अधिकारात अर्ज तयार केला आहे, सोमवारी टाकतोय. ज्यांना आपापल्या तालुक्यापुरता वेगळा टाकायचा आहे त्यांनी इनबॉक्समध्ये या, मसुदा देतो.

व्यापाऱ्याला मी म्हणालो की आधी दुकानातली रोकड कमी करा, कॅमेरे नीट लावा, आणि तरी भीती उरली तर रीतसर अर्ज करा, सोबत नियमातलं प्रशिक्षण घ्या. पंपवाल्याची भीती मला खरी वाटली. रात्री अकराला हायवेवरून रोकड घेऊन जाणं सोपं नाही. त्याने अर्ज करावा, आणि अधिकाऱ्यांनी वेळेत हो किंवा नाही सांगावं. तिसऱ्याला मी विचारलं, बापू, तुला भीती कोणाची आहे? तो हसला आणि म्हणाला, "भीती नाही सर, लोकायले असली पाहिजे."

एक विनंती. कोणाच्या घरी आज्या-पणज्याच्या काळचे बंदुकीचे परवाने, पावत्या असतील तर फोटो काढून ठेवा आणि मला दाखवा. १९०५ च्या आधीचा, बासीम जिल्ह्याचा शिक्का असलेला एखादा सापडला तर फारच उत्तम. मला बघायचं आहे की कारणाच्या रकान्यात तेव्हा काय लिहायचे.